अण्णा, कीबोर्ड घेतला

अण्णा, कीबोर्ड घेतला. तुम्ही म्हणत होतात तोच घेतला. पण तुमचं ऐकून घेतला असं समजू नका. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तिकडं बसल्या जागी मिशीत हसाल आणि म्हणाल, म्हातारा गेला तवा पोराला उमजलं.

तुम्हाला जाऊन महिना व्हायचाय. मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून हे लिहितोय. हैदराबादकडं जाणारे ट्रक येतात, काट्यावर चढतात, मी वजन घेतो, पावती देतो, ते उतरतात. मधल्या वेळात दोन ओळी होतात. काम नेहमीएवढंच आहे, तरी अंगातलं सगळं कुणीतरी काढून नेल्यासारखं झालंय. जेवतो, झोपतो, उठतो तेव्हा पुन्हा दमलेलाच असतो. नववीतून शाळा सोडलेला माणूस मी, असलं लिहायची मला सवय नाही. तुमच्याशी बोलायची मात्र सवय आहे आणि ती अजून मोडलेली नाही.

याच केबिनच्या खिडकीतून तुम्ही पहिल्यांदा आत डोकावला होतात. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून सोयाबीनच्या वजनाला आला होतात. मी मोबाइलवर पियानोचं ॲप उघडून एका बोटानं काहीतरी वाजवत बसलो होतो. हायवेच्या कामावर आलो, काम पुढं सरकलं, ठेकेदार पुढं गेला आणि मी नळदुर्गात राहिलो, एवढीच माझी ओळख होती तेव्हा. शहाद्याकडचं माझं गाव इथं कुणाला माहीत नव्हतं. नंदुरबार म्हटलं तरी लोक विचारायचे, म्हणजे गुजरातेत का? तुम्ही गावाचं विचारलंच नाही.

"वाजवणारा हायेस का नुसता टाइमपास करायलास?"

मी म्हणालो, गावाकडं लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवत होतो, शाळा सुटली ती त्यापायीच.

"मग हितं काय ट्रकांना ऐकवायलास?"

मला हसू आलं नाही. भीती वाटली, की हा माणूस मालकाला सांगणार, तुमचा पोरगा कामावर गाणी वाजवतो. तुम्ही मालकाला सांगितलंतच, पण वेगळं. तुमच्या गिरणीत त्यांचं दळण यायचं. त्या ओळखीवर तुम्ही माझी पाळी बदलून घेतलीत, कार्यक्रम असेल त्या दिवशी मला मोकळं सोडायचं ठरवून आलात आणि मग मला येऊन विचारलंत, येतोस का म्हणून. आधी ठरवायचं, मग विचारायचं, ही तुमची रीत. त्यावर मी तुमच्याशी कधी भांडलो नाही. एवढ्या लांबच्या गावात माझ्यासाठी कुणीतरी काही ठरवतंय, याचंच मला लई वाटायचं.

दिवसा तुमची पिठाची गिरणी आणि कुणी बोलावलं की गाणं. बारसं, वास्तुशांत, हळद, गुरुजींचा सेवापूर्तीचा सत्कार. इकडं अणदूर, जळकोट, तिकडं पार मुरूमपर्यंत. पार्टी म्हणायची आणि माणसं तिघंच. तुम्ही गाणार, मी कीबोर्डवर आणि तुमच्या मागं बसून दुसरा आवाज धरणाऱ्या तुमच्या कन्या सुमनताई. गावातच दिलेल्या, दिवसभर शिलाई मशीनवर, आणि कार्यक्रम असला की टेप गळ्यात तशीच विसरून येणाऱ्या. तुम्ही मला तम्मा म्हणायचात, त्याचा अर्थ त्यांनीच सांगितला. कानडीत धाकटा भाऊ. वयानं मी तुमच्या नातवाच्या जवळचा. ताई तुम्हाला अप्पा म्हणायच्या. ताई म्हणाल्या, "अप्पा सगळ्यांनाच तम्मा म्हणतात, तू लई हुरळू नको." मी हुरळलोच होतो.

गिरणीच्या मागच्या खोलीत तुमचा जुना कीबोर्ड होता. कितीही पुसला तरी पट्ट्यांच्या फटीत पीठ. वरच्या बाजूच्या काही पट्ट्या मुक्या झालेल्या. तिथला सूर आला की मी खालच्या सप्तकात उडी मारायचो आणि तुम्ही मान न वळवता हसायचात.

आपला हा कीबोर्ड अरेंजर जातीचा. डाव्या हातानं सूर दाबून धरला की मागं ढोलक, तबला, गिटार आपोआप सुरू होतं. एका माणसात अख्खा वाद्यवृंद. बँडमध्ये मी हेच करायचो. ताल लावून द्यायचा आणि गाडी पुढं सरकेल तसं वाजवत राहायचं. नाचणाऱ्यांना थांबलेलं चालत नाही. तुमचं उलटं होतं. तुम्ही गाता गाता मध्येच थांबायचात.

अणदूरला एका गुरुजींच्या सत्काराचा कार्यक्रम होता. माझा तुमच्याबरोबरचा पहिलाच मोठा कार्यक्रम. दुसरं कडवं संपवून तुम्ही थांबलात. मला वाटलं, गाणं संपलं. मी एंडिंगचं बटण दाबलं. ढोलकीनं झोकात उठाव घेतला, झांज वाजली, लोकांनी टाळ्या दिल्या आणि मागच्या रांगा जेवणाच्या दिशेनं उठल्या. तुम्ही थांबला होतात ते सुमनताईंना गुरुजींनी घरी येऊन गणित शिकवलं, ते सांगायला. अजून निम्मं गाणं बाकी होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. ताल नाही, सूर नाही, तसंच बोलत राहिलात आणि बोलता बोलता तसेच गायला लागलात. उठलेले लोक ताटं घेऊन परत आले आणि उभ्या उभ्या जेवत ऐकत राहिले.

परत येताना मी टेम्पोत माफी मागायला लागलो. मला वाटलं होतं, माझं इथलं गाणं एका दिवसात संपलं.  तुम्ही म्हणालात, "तम्मा, बटन तुझं हाय, गाणं माझं हाय. म्या गप झालो म्हंजी संपलो न्हाय."

तेव्हापासून मी थांबायला शिकलो. ताल काढून घ्यायचा, डावा हात तसाच दाबून ठेवायचा, मागं एकच बारीक सूर राहू द्यायचा आणि तुमच्या पाठीकडं बघत राहायचं. तुम्ही कुणाच्या आजोबांची आठवण सांगायचात, कुणाच्या लग्नातली फजिती सांगायचात. लोक हसायचे, म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. मग तुमचे खांदे वर जायचे. खांदे वर गेले की माझी बोटं खाली. हे कुठल्या बटणावर नसतं. बँडमधली माझी सगळी घाई तुम्ही अशी काढलीत आणि कधी रागावला नाहीत. मला माणसांची धास्ती, आवाजाची धास्ती, वायर नीट बसली का म्हणून तीन तीनदा उठून बघणारा मी. तुमच्या पाठीमागं बसलो की तेवढा वेळ ती धास्ती नसायची. तुमच्या समोर हे कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, पाठ काय, भिंतीला पण असती.

आता भांडणाचं बोलू. ते अर्धंच राहिलं.

जळकोटच्या वास्तुशांतीपासून ते सुरू झालं. भर दुपारी देवाचं गाणं रंगात आलं होतं आणि लाइट गेली. तुम्ही गात राहिलात. लाइट आली, कीबोर्ड आपणहून चालू झाला, आणि आपण जुळवून ठेवलेलं सगळं विसरून त्यानं स्वतःचा पहिला ताल धरला. पुढं देवाचं गाणं, मागं डिस्को. पूजेला बसलेले भटजीसुद्धा हसले.  तुम्ही कडवं संपवून माइकवरच म्हणालात की देव पण जरा नाचला असंल. आणि घरी येताना जाहीर केलंत, आता नवीन घ्यायचा आणि सेलवर चालणाराच घ्यायचा.

मग आपण सोलापूरला गेलो. दुकानातल्या त्या दोन कीबोर्डांपुढं आपण इतका वेळ उभे राहिलो, की दुकानदारानं शेवटी स्टूल आणून दिलं. एक छोटा. त्याच्याच अंगात स्पीकर, सेलवर चालणारा, एका हातानं उचलावा असा. दुसरा लांबलचक, वजनदार, स्पीकर नाहीत, साउंड सिस्टिमला जोडल्याशिवाय मुका. पण त्यात काय नव्हतं? आपले ताल पेन ड्राइव्हवरून भरता यायचे. ढोलकीची थाप खरी वाटायची. दुकानदारानं माझ्या कानाला हेडफोन लावला आणि त्यातली सनई ऐकून मला गावाकडच्या लग्नाचा मांडव दिसला. मी तो हेडफोन तुमच्यापुढं धरला. तुम्ही घेतला नाहीत.

"कानात घालून काय ऐकू? मांडवात बसल्याली बाई कानात घालून बसणार हाय का?"

येताना एसटीत आपण भांडलो. मी म्हणत होतो, आवाज मोठा, कार्यक्रम मोठे, मोठ्या स्टेजवर आपला छोटा डबा कोण ऐकणार? तुम्ही म्हणत होतात, उचलायचा कुणी, लाइट गेली तर काय, सिस्टिमवाला आला नाही तर काय. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता माझ्या बाजूनं मत दिलं, तर तुम्ही त्याला विचारलंत, तुमी उचलायला येणार का?

ते भांडण पुढं कितीतरी दिवस चाललं. तुम्ही केबिनमध्ये चहाला आलात की चालू. एकदा मी म्हणालो, वजनात असा कितीसा फरक आहे. तुम्ही जुना कीबोर्ड गिरणीतून आणवलात आणि ट्रकच्या काट्यावर ठेवायला लावलात. या काट्याला एवढं थोडं वजन कळतच नाही. वर शून्य दिसलं. मी म्हणालो, बघा, वजनच नाही. तुम्ही काट्याकडं बघत म्हणालात, "तुझा काटा लबाड हाय, ट्रकवाल्यांनी बिघडवलाय." माझा मालक मागं उभा होता. माझं तोंड उतरलं. मालक मात्र पोट धरून हसला.

एक गोष्ट मी पाहत होतो आणि आपण कुणीच बोलत नव्हतो. मी आलो तेव्हा तुम्ही काळी दोनच्या पट्टीत गात होतात. मग एक दिवस म्हणालात, आज जरा खाली घे, काळी एक. गळा बसलाय. गळा पुन्हा वर गेला नाही. नंतर पांढरी एक. पुढं पुढं तुम्ही सांगायचंही सोडलंत, फक्त हात थोडा खाली आणायचात आणि मी पट्टीचं बटण खाली दाबायचो. गिरणीच्या पिठानं छाती भरली होती, खोकला होता, ताई दवाखान्याचं म्हणायच्या आणि तुम्ही विषय बदलायचात. मी पट्टी उतरवत राहिलो. विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत का, ते मला आजही कळत नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला होतो. ताईंच्या मुलाचा फोन आला. मी काटा बंद करून पळत आलो. तुमच्याकडच्या रीतीप्रमाणं तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार. समोर भजन चाललेलं. आमच्याकडं माणसाला आडवं ठेवतात. मी दारातच थांबलो, कारण तुम्ही नेहमी बसायचात तसेच बसला होतात, मान जरा डावीकडं कललेली. कुणीतरी मला म्हणालं, तू पण बस की पेटीवर. मला जमलं नाही, अण्णा. मी मागं जाऊन चपलांपाशी बसलो. समोरून तुम्हाला असं निवांत बघायची मला सवयच नव्हती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. ट्रक मोजत होतो. त्यात घरून फोन आला. आमच्या बँडवाल्यांनी नवी गाडी केली आहे आणि तिच्यावर मोठा कीबोर्ड बसवलाय. अगदी तोच, सोलापुरातला. ते म्हणाले, सिझन तोंडावर आहे, ये. आई म्हणाली, आता तिथं तुझं कोण आहे?  तिचं काही चुकत नव्हतं. मी पिशवी भरायला काढली, परत ठेवली, परत काढली. मालकाला सांगायचं म्हणून दोनदा त्यांच्या घरापर्यंत गेलो आणि तसाच फिरलो.

मग ताई काट्यावर आल्या. केबिनच्या बाहेरच उभ्या राहिल्या. मुरूमला एक डोहाळजेवण आहे म्हणाल्या, तुमच्या नावानं आलेलं बोलावणं. त्यांनी सांगून टाकलंय, अप्पा नाहीत, मी गाईन.

"जुना बोर्ड तर आता बोलतच नाही. तू येणार असलास तर नवा बघ. जाणार असलास तर तसं सांग, मी दुसरा वाजवणारा बघते. मला राग नाही."

मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, बघ बघ, आणि गेल्या. तुमच्यासारखं आधी ठरवून मग विचारणं त्यांच्यात नाही. सगळं माझ्यावर टाकून गेल्या. कीबोर्ड घेतला की इथं राहायचं, नाही घेतला की गाडीवर बसायचं, एवढं ते सरळ झालं आणि सरळ झालं म्हणूनच मला झोप येईना.

सोलापूरला एकटाच गेलो. दोन्ही कीबोर्ड अजून तिथंच, शेजारी शेजारी. मोठ्याकडंच गेलो आधी. ताल लावला, सूर धरला, वाजवायला लागलो. दुकानदार ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "एवढ्या खालच्या पट्टीत का वाजवताय? गाणार कोण आहे?"

मी बटणाकडं बघितलं. पांढरी एक. तुमची शेवटची पट्टी. हात आपोआप तिथं गेला होता. ताल तुमचा, संथ. आणि मी पुढं बघत होतो, तर समोर भिंत, तिच्यावर टांगलेल्या गिटारी.

गाणार कोण.  दुकानदाराला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, बाई आहेत. आमच्या सुमनताई. पहिल्यांदाच तसं बोललो आणि बोलल्यावर बटण वर न्यायला लागलो. वर, आणखी वर, ताईंच्या गळ्याला बसेल अशा काळी चारला येऊन थांबलो. तिथं सगळंच दुसरं वाटलं. मोठ्यावरची ती सनई त्या पट्टीत कानात टोचायला लागली.

मग मी स्टुलावर बसून विचार केला. ताई गाणार म्हणजे कार्यक्रम कुठले? डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू. दिवसाढवळ्या, घरात, नाहीतर गच्चीवर. तिथं कुठली सिस्टिम आणि कुठला सिस्टिमवाला? एसटीनं जायचं, कीबोर्ड मांडीवर घेऊन बसायचं. मी कधी अडकलो तर ताईंना एकटीला उचलता आला पाहिजे. लाइट गेली तर बायकांच्या ओव्या चालू राहतात, कीबोर्डही चालू राहिला पाहिजे. एक एक करून तुमचीच सगळी कारणं माझ्या तोंडात आली. म्हणून छोटा घेतला. हप्त्यावर.

परतीच्या एसटीत तो मांडीवर होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तुम्ही कुणासाठी भांडत होतात, अण्णा? तुमच्या गळ्याला तर मोठ्या कार्यक्रमांची बोलावणी येत होती. तुम्हाला स्टेज मिळत होतं, सिस्टिम मिळत होती, टेम्पो मिळत होता. मग उचलायचा कुणी, हे तुम्ही पुन्हा पुन्हा का विचारत होतात? तुमच्या नंतरचं तुम्हाला दिसत होतं का?

मी हे ताईंना सांगितलं. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. त्या मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"अप्पा? त्यांना एवढं पुढचं कुठं सुचायचं? त्यांची पाठ दुखत होती, त्यांना ते ओझं उचलायचं नव्हतं. तू उगं त्यांना देव करू नको."

असेल तसं. ताई तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. पण त्या बोलल्या आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या, पाय मशीनवर, चाक थांबलेलं. म्हणून मी माझंच म्हणणं अजून धरून आहे. तुम्ही असता तर विचारलं असतं आणि तुम्ही विषय बदलला असतात.

मुरूमचा कार्यक्रम झाला. हिरव्या साडीतली पोर झोपाळ्यावर, खोलीभर बायका, बाहेर पुरुषांना उभं राहायला जागा नाही. मी कोपऱ्यात टेबलावर कीबोर्ड मांडून बसलो.  वायर बघितली, सेल बघितले, पुन्हा वायर बघितली. ताईंनी टेप काढून पिशवीत टाकली, पदर खोचला आणि मांडी घालून माझ्यापुढं बसल्या. गायला लागल्या आणि बायका गप झाल्या. इतकी वर्षं त्या तुमच्या आवाजाखाली गात होत्या, त्यामुळं त्यांचा आवाज केवढा आहे ते मलाही माहीत नव्हतं. कधी कानडी ओळ, कधी मराठी. एका आजीनं उठून त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. शेवटी पोरीच्या सासूनं माझ्याही हातात नारळ दिला.

मला वाटलं, पार पडलं. येताना एसटीत ताई खिडकीकडं तोंड करून बसल्या.  मी हळूच म्हणालो, अण्णांची आठवण आली असेल.

"आठवण सोड. तू थांबायलास."

मी विचारलं, कुठं?

"दर कडव्याच्या आधी ताल काढून घ्यायलास आणि बसायलास माझ्या पाठीकडं बघत. मी तोंड उघडून बसतेय आणि तुझी ढोलकी येईना. बायका मला विचारायल्या, ताई काही विसरल्या का?"

मी म्हणालो, अण्णा तिथं थांबायचे. गोष्ट सांगायचे. मला तसंच शिकवलंय.

"अप्पांचा दम पुरत नव्हता, योगेश. म्हणून थांबायचे. लोकांना कळू नये म्हणून बोलायचे. मी पाठीमागं बसायचे, मला त्यांची छाती ऐकू यायची."

मी म्हणालो, खोटं. अणदूरला तर ते ठणठणीत होते. गुरुजींचं सांगितलं ते काय दम पुरत नव्हता म्हणून? ताई म्हणाल्या, तेव्हापण. मी म्हणालो, गोष्टी खऱ्या होत्या. ताई म्हणाल्या, गोष्टी खऱ्याच होत्या, मी कुठं खोट्या म्हणते? त्यांचा आवाज चढला, माझाही चढला. मी ताईंना कधी उलटून बोललो नव्हतो. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मी म्हणालो, तुम्ही अण्णांसारखं थोडं थांबून गायलात तर काय बिघडतं? तशा त्या पूर्ण माझ्याकडं वळल्या.

"मी अप्पा नाही. मला दम पुरतो. मला पुढं न्यायचं सोडून तू त्यांना घेऊन बसलायस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या गिरणीच्या खोलीत ये. सगळी गाणी पुन्हा करू."

स्टँडवर त्या उतरून गेल्या. नारळही माझ्याकडंच राहिला. मी कीबोर्ड खांद्याला लावून खोलीवर आलो आणि आईला फोन केला, की इथं थांबतोय, सिझनला येणार नाही.  तिनं विचारलं, जेवलास का?

तर आज पाळी संपली की जायचंय. तुमच्या प्रत्येक गाण्यात तुम्ही कुठं कुठं थांबायचात ते मला पाठ आहे. त्या सगळ्या जागांवरून ताल तसाच चालू ठेवून पुढं जायचंय, ताईंच्या मागं मागं. काल खोलीवर एकट्यानं करून बघितलं. बोटं ऐकत नाहीत, अण्णा. तुमची जागा आली की उचलली जातात.